शून्याची खूण

त्र्याण्णवच्या डिसेंबरात दोंडाईच्यात
मिरचीचा हंगाम असा भरात होता
की भिंग पुसण्याआधी आम्ही शिंकून घ्यायचो.
हिलालभाऊंच्या दुकानात मी काचा घासायचो.
ओली लाल पावडर, मनगटाची गोल गत,
नखाएवढी घाई केली तर तासाचं काम वाया.

दुपारी भुसावळ पॅसेंजरने पेपर आला.
आतल्या पानावर चार बोटांची बातमी:
आभाळात फिरणाऱ्या दुर्बिणीला
माणसांनी वर जाऊन चष्मा लावला.
भाऊंनी ती मला दोनदा वाचायला लावली.

आरसा केवढा?
पुरुषभर उंचीहून मोठा, भाऊ.
अन् चूक?
केसाच्या पन्नासाव्या भागाएवढी. कडेला.
घासणाऱ्याचा हात कच्चा व्हता का?
नाही. हात पक्का होता.
मापायचं यंत्र चुकलं.
एका टोपणावरचा काळा रंग उडालेला,
उघड्या धातूवरून प्रकाश परतला,
आणि आतलं एक भिंग
मिलिमीटरभर दूर बसलं.
मग तो पक्का हात
त्या खोट्या मापाला इमानाने जागला.

आरसा काढून आणला खाली?
नाही भाऊ, तसाच ठेवला.
नाण्याएवढे छोटे आरसे बसवले वाटेत,
तेवढेच चुकीचे, फक्त उलट बाजूने.

भाऊ हसले. "म्हणजे आपलाच धंदा.
आपण तरी डोळा कुठे बदलतो?"
आणि हसता हसता
त्यांची नजर कोपऱ्यातल्या मशीनवर गेली.

नंबर मोजायचं मशीन. पोपटी हिरवं.
नव्वदच्या दसऱ्याला त्यांनीच रंगवलेलं.
दोन हात चढले तेव्हा
चकतीवरची शून्याची खूण बुजली होती.
झेंडूची माळ बाजूला सारून त्यांनी
दाभणाने नवी ओरखडली,
नजरेच्या अंदाजाने.
त्यांच्या नजरेवर गावाचा विश्वास होता, त्यांचाही.

सुरतहून आलेलं खुणेचं भिंग
त्यांनी त्या संध्याकाळी मशीनवर ठेवलं.
सात अंश.
पुन्हा ठेवलं. सात.
शटर अर्धं ओढून ते स्टुलावर बसले
आणि मला चहा आणायलाही म्हणाले नाहीत.

मग मला झेलाबाई आठवली.
पथारीवर मिरच्या निवडणारी,
देठाच्या रंगावरून माल ओळखणारी.
तिचा चष्मा कायम तिरपा.
उजव्या दांडीला पांढरा दोरा गुंडाळलेला, कानाशी जाड.
दर महिन्याला भाऊ तिला हाक मारून थांबवत,
दोरा सोडत, दांडी गरम करून सरळ करत,
पैसे घेत नसत.
ती मान डोलवून जाई,
आणि बाजार समितीच्या फाटकाशी
पुन्हा दोरा गुंडाळे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पथारीवर गेलो.
नाकाला रुमाल, पायाखाली लाल एकर.
भाऊंनी चूक सांगितली. खूण, रंग, सात अंश, सगळं.
दुर्बिणीचंही सांगितलं, थोडं अवघडून.
झेलाबाईने चष्मा काढून पदराने पुसला.
"मी ते सरळच करेल व्हतं भाऊ,
तूच घडीघडी वाकडं करी देस."

वहीत आडव्या नंबरवाले एकेचाळीस निघाले.
काचा आम्ही रात्री घासल्या,
भाऊ मोजायचे, मी मोजायचो,
मग एकमेकांचं न बघता आकडा लिहायचो.
फेब्रुवारीपर्यंत चाळीस झाले.
तलाठी म्हणाले, डोकं दुखायचं ते यामुळे होय,
मला वाटलं सरकारी कागदांमुळे.

एकेचाळिसावे पुंजू मास्तर,
दिवाळीतच गेले होते.
त्यांच्या सुनेने फळीवरून चष्मा काढून दिला.
दोन्ही दांड्या अगदी सरळ.
भाऊंनी तो घरी नेला नाही, दुकानातही ठेवला नाही,
बराच वेळ नुसता हातात धरून
सुनेला विचारत राहिले,
शेवटी शेवटी मास्तर वाचायचे का.